फेडील त्याची नोंद

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. थोड्याच दिवसांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण पोचलं. या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली. दंगेखोरांचा डोळा सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. जिथे सावकाराने रोखे आणि खतं मुकाट्याने हवाली केली, तिथे फारशी मारहाण झाली नाही. कागद जळले आणि गर्दी पांगली.

चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आणला. व्याजाची छाननी आणि जमिनीच्या जप्तीवरचे निर्बंध यांसाठी तो इतिहासाच्या पुस्तकांत येतो. पण त्यात आणखी काही कलमं होती, ज्यांची आठवण क्वचितच निघते. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाला हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि त्याने मागितलं तर पासबुकात हिशेब लिहून दिला पाहिजे. कर्जाचा हिशेब ही धनकोची खासगी चीज नाही, ऋणकोचाही त्यावर हक्क आहे, हे तत्त्व या मुलखात तेव्हा कायद्यात उतरलं. पुढे १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा यांनीही परवानाधारक सावकारावर हिशेब ठेवण्याचं आणि कर्जदाराला त्याचा उतारा देण्याचं बंधन घातलं.

आता सावकार बदलला आहे. दुचाकी, टेम्पो, सोनेतारण, दुकानाचं भांडवल, मोबाइलचा हप्ता, बायकांच्या गटाचं कर्ज, या सगळ्यांत आज बँकेपेक्षा एनबीएफसी, म्हणजे बँकेतर वित्त कंपनी, आधी दारात येते. देशात अशा कंपन्यांची संख्या हजारांत आहे आणि त्यांनी वाटलेली कर्जं बँकांच्या कर्जाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतकी आहेत. हिशेबाचा उतारा या कंपन्याही देतात. अ‍ॅप उघडा, स्टेटमेंट उतरवून घ्या. १८७९ चा हक्क पुरा झाला असं वाटावं.

माझं म्हणणं असं, की तो अर्धाच पुरा झाला आहे. हिशेब पाहण्याचा हक्क मिळाला; तो हिशेब खात्रीलायक स्वरूपात उचलून दुसऱ्याच्या पुढे ठेवण्याचा हक्क मिळालेला नाही. आणि गंमत अशी, की असा हक्क पुरवणारी उत्तम यंत्रणा भारताने उभी केली आहे. फक्त कर्जाच्या नोंदींना तिच्यात जागा ठेवलेली नाही.

ही यंत्रणा म्हणजे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने तिचे निर्देश २ सप्टेंबर २०१६ रोजी काढले, रघुराम राजन यांची गव्हर्नरपदाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. प्रत्यक्षात ती २०२१ च्या सप्टेंबरात आठ बँकांना घेऊन सुरू झाली. कल्पना साधी आहे. तुमची माहिती ज्यांच्याकडे आहे ते माहिती देणारे. ज्यांना ती हवी आहे ते घेणारे. मध्ये परवानाधारक दूत. तुम्ही मोबाइलवर संमती दिलीत की माहिती कुलूपबंद होऊन या टोकाकडून त्या टोकाला जाते. दूताला ती वाचता येत नाही, साठवता येत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळासाठी, हे संमतीतच लिहिलेलं असतं आणि संमती मागेही घेता येते. बँकेच्या स्टेटमेंटच्या झेरॉक्सवर सह्या करत फिरण्यापेक्षा, किंवा कुणाला नेट बँकिंगचा पासवर्ड सांगण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आता २०१६ च्या निर्देशांतली ‘वित्तीय माहिती’ची यादी वाचा. बचत, चालू, मुदत आणि आवर्ती ठेवी आहेत. एनबीएफसीकडच्या ठेवी आहेत. शेअर, रोखे, म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी, राष्ट्रीय पेन्शन योजनेतली शिल्लक आहे. २०२२ मध्ये तिच्यात जीएसटीची विवरणपत्रं आली. तुमच्याकडे काय आहे आणि तुम्ही काय कमावता याचा जवळजवळ सगळा पसारा त्या यादीत आहे. तुम्ही कोणाचं किती देणं लागता, कोणत्या दराने, कोणत्या अटींवर, हे मात्र नाही. कर्जखातं यादीतच नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक न्याय्य नियम केला: तिच्या देखरेखीखालची जी संस्था या यंत्रणेतून माहिती घेते, तिने माहिती दिलीही पाहिजे. घ्यायचं तर द्यायचं. पण नियमाला अट आहे, की त्या संस्थेकडे यादीतली माहिती असली पाहिजे. बहुतेक एनबीएफसी लोकांकडून ठेवी घेत नाहीत. त्यांचा धंदा कर्ज देण्याचा. म्हणजे त्यांच्याकडे असतात ती कर्जखाती, आणि ती यादीबाहेर. देण्यासारखं काही नाही, म्हणून देण्याचं बंधनही नाही. अशी कंपनी तुमचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट काही मिनिटांत ओढून घेऊ शकते, तिच्याकडची तुमची नोंद मात्र त्याच वाटेने बाहेर येत नाही. नियम समतेचा, पण ज्यांच्यासाठी तो सर्वांत गरजेचा त्यांच्याच बाबतीत पोकळ.

यावर कोणी म्हणेल, कर्जाच्या नोंदींसाठी सिबिल आहे की. सिबिल आणि तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्यांकडे सगळ्या बँका आणि एनबीएफसी कर्जदारांची माहिती पाठवतात. जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरवड्याला. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंदीतली चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण ही व्यवस्था कोणी कोणासाठी बांधली ते विसरू नये. एका धनकोने दुसऱ्या धनकोला केलेली ती सूचना आहे. हा माणूस पैसे बुडवील का, एवढाच तिचा प्रश्न. या माणसाला आपण फार महाग तर पैसे देत नाही ना, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. प्रोसेसिंग फी किती घेतली, कर्जाबरोबर विमा गळ्यात मारला का, मुदतीआधी फेडलं तर काय कापून घेणार, हे तिथे नसतं. आणि हा अहवाल तुम्ही तुमच्या सीएपुढे, एखाद्या ग्राहक संघटनेपुढे किंवा तुलना करणाऱ्या अ‍ॅपपुढे ठेवलात, तरी त्यावरून तुमच्या कर्जाचा खरा भाव कोणालाही काढता येत नाही.

खऱ्या भावाचं महत्त्व एका हिशेबाने कळेल. समजा, लातूरच्या एका दुकानदाराने तीन वर्षांसाठी पाच लाख रुपये २४ टक्क्यांनी घेतले. हप्ता येतो सुमारे १९,६०० रुपये. वर्षभर त्याने एकही हप्ता चुकवला नाही. आता त्याच्या डोक्यावर सुमारे ३ लाख ७१ हजार मुद्दल उरलं आहे. वर्षापूर्वी तो नवखा होता, म्हणून त्याला महाग कर्ज मिळालं. आज तो भरवशाचा आहे. उरलेली रक्कम कोणी १६ टक्क्यांनी दिली, तर हप्ता महिन्याला सुमारे साडेचौदाशे रुपयांनी उतरेल आणि दोन वर्षांत सुमारे पस्तीस हजार वाचतील. छोट्या दुकानात ही रक्कम लहान नाही. पण त्यासाठी त्याला आधीच्या कंपनीकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे खातं मुदतीआधी बंद करायला किती रक्कम लागेल याचं पत्र, मागावं लागतं. ते मागितलं की आधी पत्र येत नाही, फोन येतो. जाताय कशाला, टॉप-अप देतो, दर थोडा कमी करतो. पत्राला दिवस लागतात. तोवर नव्या ठिकाणचा प्रस्ताव थंडावतो, किंवा दुकानदारच कंटाळतो.

अर्थशास्त्राला हे दुखणं जुनंच माहीत आहे. राजन यांनी १९९२ मध्ये, गव्हर्नर होण्याच्या खूप आधी, ‘इनसायडर्स अँड आउटसायडर्स’ हा शोधनिबंध लिहिला होता. त्यातला एक मुद्दा असा, की कर्ज देणारी बँक कर्जदाराला आतून ओळखू लागते, आणि बाहेरच्यांना ती ओळख नसते. या ओळखीमुळे बँकेच्या हाती सौदा करण्याची ताकद येते. कर्जदाराच्या नफ्यातला वाटा तिला उपटता येतो. ते विवेचन उद्योगांबद्दल होतं, पण लातूरच्या दुकानदाराला ते तंतोतंत लागू पडतं. एका वर्षाच्या नियमित फेडीतून जी पत तयार झाली ती त्याच्या घामाची. तिचा पुरावा मात्र कंपनीच्या संगणकात आहे, आणि तो पुरावा सहजी बाहेर पडत नाही तोवर तिचं भाडं कंपनी खाते. बेभरवशाच्या कर्जदाराला यात गमवायला काही नाही. किंमत मोजतो तो हप्ता न चुकवणारा.

भारताची दिशाही विचार करायला लावणारी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जप्रक्रिया सुलभ करणारं जे व्यासपीठ प्रयोग म्हणून सुरू केलं आणि ज्याला पुढे युनिफाइड लेंडिंग इंटरफेस, यूएलआय, हे नाव मिळालं, त्यात जमिनीच्या नोंदी आणि दूध संघांकडची माहितीही कर्ज देणाऱ्यापर्यंत पोचवण्याची सोय आहे. गाय किती दूध देते हे कर्ज देणाऱ्याला कळेल. त्यातून शेतकऱ्याला झटपट कर्ज मिळत असेल तर त्याचं स्वागतच. पण पाण्याला एकच उतार दिला, तर ते एकाच बाजूला साठतं. माहिती कर्ज देणाऱ्याकडे जाण्याच्या वाटा दरवर्षी वाढत आहेत. त्याच्याकडून कर्जदाराकडे येणारी माहिती मागणी करून, वाट पाहून, पीडीएफच्या रूपात येते.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये ‘कन्झ्युमर डेटा राइट’ नावाचा हक्क कायद्याने दिला. जुलै २०२० मध्ये चार मोठ्या बँकांपासून सुरुवात झाली, पुढे वीजपुरवठ्याची माहितीही आली. तिथे गृहकर्जं पहिल्यापासून योजनेत होती, पण फक्त बँकांची. लवकरच ध्यानात आलं, की माणसाचं गृहकर्ज बँकेचं, गाडीचं कर्ज वित्त कंपनीचं आणि ‘आत्ता घ्या, मग भरा’चे हप्ते तिसऱ्याच कोणाचे असतील, तर त्याचं अर्धंच चित्र उजेडात येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने बँकेतर कर्जदात्यांना या हक्काच्या कक्षेत आणायचं ठरवलं. मार्च २०२५ च्या नियमांनी तपशील पक्का केला आणि २०२६ पासून मोठ्यांपासून सुरुवात करत टप्पे आखून दिले. एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी कर्जं असणाऱ्या छोट्यांना त्यातून वगळलं.

पण ऑस्ट्रेलियाकडे केवळ आदर्श म्हणून पाहणं चुकीचं ठरेल. तिथल्या बँकांच्या संघटनेने २०२४ मध्ये करून घेतलेल्या आढाव्यात असं निघालं, की बँकांनी या व्यवस्थेवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च केले आणि २०२३ च्या अखेरीस ती प्रत्यक्ष वापरणारे ग्राहक होते अवघे ०.३१ टक्के. आढावा करवणाऱ्यांना खर्च कमी करून हवा होता, हे धरूनही आकडा बोलका आहे. कारण असं, की ग्राहकाला माहिती नेता येत होती, पण त्या माहितीच्या जोरावर खातं हलवण्याची सगळी यातायात पहिल्यासारखीच होती. ग्राहकाच्या वतीने पुढची कृती करण्याची मुभा देणारी दुरुस्ती तिथल्या संसदेने २०२४ मध्ये केली, मूळ कायद्यानंतर पाच वर्षांनी. धडा उघड आहे: नोंद हलली आणि कर्ज हललं नाही, तर हक्क दिखाऊ ठरतो.

इथे आपली स्थिती काही बाबतींत बरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत तारण ठेवलेल्या मालमत्तेचे मूळ कागद परत द्या, नाही तर दिवसाला पाच हजार रुपये भरा. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं झालं, ज्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर द्यावा लागतो. आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या तरत्या दराच्या कर्जांवर, व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कामासाठी घेतली असतील तर, मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावायला बंदी आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या बऱ्याच छोट्या कर्जांनाही ती लागू आहे. ही दारं उघडली आहेत. नोंदींचं दार त्यांच्या रांगेत बसतं. एक त्रुटी मात्र सांगायला हवी. वाहन आणि छोट्या धंद्याची पुष्कळ कर्जं स्थिर दराची असतात, आणि तिथे शुल्काचा अडसर उरतोच. स्थिर दराच्या छोट्या कर्जांवरच्या शुल्कालाही वाजवी मर्यादा घातल्याशिवाय लातूरच्या दुकानदाराचा हिशेब पुरता जमणार नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो खर्चाचा नाही. पैशाची निकड असलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या दिल्या, बदनामी केली. त्यातून २०२२ चे डिजिटल कर्जांचे नियम आले. कर्जाच्या नोंदी आणखी एका नळातून वाहू लागल्या, तर उद्या प्रत्येक कंपनी म्हणेल, तुमची सगळी कर्जखाती उघडा, मगच बोलू. आणि ज्याच्यावर तीन कर्जं आहेत त्याला चौथं विकायला सोपं जाईल. ही भीती खोटी नाही.

पण तिचं उत्तर नोंदी कोंडून ठेवण्यात नाही. एक तर धनकोंना आपापसांत सिबिलच्या मार्गाने बरंचसं दिसतंच. अंधारात राहतो तो कर्जदार. दुसरं, या यंत्रणेत संमतीला हेतू आणि मुदत जोडलेली आहे, तिथेच वेसण घालता येते. कर्जनोंद मागण्याचे हेतू मोजके ठेवावेत: कर्ज हलवणं, नव्या कर्जाची ऐपत तपासणं, आणि कर्जदाराने स्वतः निवडलेल्या सल्लागाराला दाखवणं. वसुली आणि जाहिरात हे हेतू साफ बाद. निर्णय झाला की संमती संपली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मुक्त आणि बिनशर्त असावी असं म्हणतोच. कर्जाच्या टेबलावर त्याचा अर्थ काय, हे नियामकाने लिहून द्यायला हवं.

त्या कायद्याबद्दल एक खंतही आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियात जे कायद्याने दिलेलं आहे, ते आपल्याकडे नियामकाच्या निर्देशांवर आणि कंपन्यांच्या सहभागावर टिकून आहे. ग्राहकाने दावा लावावा असं त्यात फारसं काही नाही.

आणि महाराष्ट्रात या चर्चेला आणखी एक कोपरा आहे: पतसंस्था. गावोगावच्या व्यापाऱ्याला, रिक्षावाल्याला, शिक्षकाला अडीनडीला पहिल्यांदा पैसे देणारी बँकेतर संस्था अनेकदा हीच असते. ती चालते १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, सहकार आयुक्तांच्या देखरेखीत. अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची यंत्रणा मात्र वित्तीय नियामकांच्या हाताखालच्या संस्थांसाठी, त्यामुळे पतसंस्था तिच्या दाराबाहेर. पंधरा वर्षं पतसंस्थेचे हप्ते वेळेवर भरलेला माणूस बँकेत गेला, तर त्याच्या त्या पंधरा वर्षांचं मोल तिथे चेअरमनच्या सहीच्या दाखल्याएवढंच. सगळ्या पतसंस्था एका दिवसात जोडता येणार नाहीत, आणि लहान संस्थांवर तसा बोजा टाकूही नये. पण कर्जखात्याचा एकाच नमुन्यातला, पडताळता येईल असा डिजिटल उतारा सभासदाने मागताच द्यावा, एवढं राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहता ठरवता येईल.

एनबीएफसींच्या बाबतीत तर काम याहून सोपं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून या कंपन्यांची आकारमान आणि जोखमीनुसार थरांत विभागणी केली आहे. वरच्या थरापासून सुरुवात करून मधल्यापर्यंत यावं, खालच्या हजारो छोट्यांना सूट द्यावी, म्हणजे ऑस्ट्रेलियाने जे उंबरठे लावले ते आपल्याकडे तयारच आहेत. २०१६ च्या यादीच्या शेवटी आणखी माहिती जोडण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे ठेवला होता, आणि जीएसटीची विवरणपत्रं यादीत आली तीही संसदेत नवा कायदा न होता. त्याच पद्धतीने कर्जखातं जोडता येतं: उरलेलं मुद्दल, दर, शुल्क, फेडीचा इतिहास आणि आजच्या तारखेला खातं बंद करायला लागणारी रक्कम. तेवढं झालं की ‘घ्यायचं तर द्यायचं’ हा २०२३ चा नियम आपोआप भरीव होतो, कारण मग एनबीएफसीकडे देण्यासारखं काहीतरी असेल. ज्या कंपन्यांना आपला दर आणि आपली सेवा यांवर भरवसा आहे, त्यांनी याला हरकत घेण्याचं कारण नाही. जिला हरकत असेल, तिचा नफा कर्ज स्वस्तात आणि चांगलं देण्यातून येतो, की कर्जदाराला दुसरं दार दिसत नाही यातून, हे नियामकाने तिला विचारावं.